रोह्याचे कागद आणि दफ्तराची मांडणी

कुंडलिकेच्या काठच्या एखाद्या खारीच्या किंवा रोह्याच्या गावठाणातील एखाद्या जागेच्या मालकीचा वृत्तान्त दोनशे-अडीचशे वर्षे मागे नेऊ इच्छिणाऱ्या मनुष्यास कागदांच्या तीन घरांचे उंबरठे झिजवावे लागतात: प्रथम रोह्याच्या तहसील कचेरीचे, नंतर अलिबागच्या जिल्हा कचेरीतील अभिलेख कक्षाचे, आणि त्याहूनही मागचा काळ हवा असेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तराचे. या ठिकाणी कागद आहेत म्हणून ते सापडतात अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः ते सापडतात ते कोणीतरी ते विशिष्ट क्रमाने लावून ठेवले म्हणून, आणि जे सापडत नाहीत त्यांतील पुष्कळसे नष्ट झालेले नसून दुसऱ्या कोणाच्या हेतूने दुसऱ्याच रुमालात बांधले गेलेले असतात. दफ्तर लावणारा कारकून स्वतः एक अक्षरही न लिहिता मजकुराचा अर्थ बदलू शकतो, आणि म्हणून त्याची गणना लेखकांत होत नसली तरी संपादकांत करावयास हवी, असे माझे मत आहे. या मताच्या पुष्टीसाठी रोह्याचा परिसर सोयीचा आहे, कारण येथील घराण्यांनी तलवारीइतकीच लेखणीचीही चाकरी केली आणि येथील जमिनीने जितकी राज्ये पाहिली तितक्याच दफ्तरांच्या पद्धतीही पाहिल्या.

शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी चित्रे यांची आठवण येथे प्रथम होते. त्यांचा शेवट या भागातच, सुधागडाच्या छायेतील औंढे गावी, १६८१ साली संभाजी महाराजांच्या आज्ञेने हत्तीच्या पायी झाला. आणि तरीही त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांच्याकडे चिटणिशी पुढे चालू राहिली, याचे कारण केवळ स्वामिनिष्ठेत शोधून भागत नाही. राज्यातील कोणते पत्र कोणास, कोणत्या मायन्याने, कोणत्या अटींवर गेले याचे ज्ञान ज्या घराण्याच्या हाती असते त्यास दूर सारणे राजासही अवघड जाते. चिटणीस पत्राचा मसुदा करी; परंतु तो मसुदा पत्र म्हणून बाहेर पडण्यापूर्वी त्यास ज्या संस्कारांतून जावे लागे त्यांत त्या काळच्या राज्यकर्त्यांनी मजकुराच्या सुरक्षिततेचा किती बारकाईने विचार केला होता हे दिसते. कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून लांब पट्टी केली जाई आणि प्रत्येक सांध्यावर मागील बाजूने लहान शिक्का, म्हणजे संधिमुद्रा, उमटविली जाई. मधलाच एखादा बंद काढून त्याजागी दुसरा चिकटविण्याचा मोह कोणास झाला तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळत नसत. मजकूर जेथे संपे तेथे, शेवटच्या अक्षराला लागूनच, मोर्तब होई, जेणेकरून नंतर एखादी ओळ घुसडण्यास जागाच राहू नये. आणि दफ्तरी नोंद झाल्याची खूण म्हणून पाठीवर ‘सुरू सूद’, ‘बार’ अशी अक्षरे पडत. ती नसतील तर पत्र खरे असूनही त्याच्याविषयी शंका घेण्यास वाव राही.

रोह्याच्या उत्तरेस, मेढ्याजवळच्या डोंगरावर उभा असलेला अवचितगड १७१३च्या सुमारास बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात जो तह झाला त्यात कान्होजींकडे राहिलेल्या दहा जंगी किल्ल्यांत मोजला गेला. त्या वर्षीचा कागद हाती घेतला तर त्यावर इसवी सन दिसणार नाही. ‘सुहूर सन अर्बा अशर मया व अलफ’ असे काहीतरी दिसेल, म्हणजे चार, दहा, शंभर आणि हजार, एकूण १११४, आणि त्यात ५९९ मिळवले की १७१३ येते. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नसे; मृगाचा पाऊस पडे तेव्हा ते सुरू होई, आणि भातशेतीवर जगणाऱ्या कोकणात याहून स्वाभाविक वर्षारंभ दुसरा कोणता असणार? परंतु कागद लावणाऱ्यास मात्र ही रीत कसोटी पाहणारी होती. आकडा एककापासून उच्चारला जात असल्याने शतक सर्वांत शेवटी येई, महिना मुसलमानी असे, त्याचा चांद ‘छ’ या अक्षरापुढे लिहिला जाई, आणि त्याच कागदात कधी मराठी तिथीही सांगितलेली असे. म्हणून तारखेवरून कागदांची रास लावणे हे काम अक्षरओळख असलेल्या कोणाही पोऱ्याचे नव्हते, त्यासाठी मुरलेला कारकून लागे.

अशा कारकुनांची सर्वांत मोठी शाळा म्हणजे पुण्याचे, पेशव्यांचे हुजूर दफ्तर. त्याची रचना, आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर, दोन स्वतंत्र दृष्टींनी केलेली होती, आणि या द्विविध रचनेचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पहिली दृष्टी काळाची: रोजकीर्दीत त्या त्या दिवशी आलेली-गेलेली रक्कम, निघालेली सनद, पाठविलेली आज्ञा ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने उतरविली जाई. दुसरी दृष्टी विषयाची: रोजकीर्दीतील त्याच नोंदी गावावार, असामीवार, खात्यावार वेगळ्या काढून त्यांची घडणी केली जाई, जेणेकरून एका वतनदाराचा किंवा एका महालाचा इतिहास रोजच्या गर्दीतून सुटा होऊन एकत्र वाचता यावा. कीर्द हाती असल्याशिवाय घडणीवर पूर्ण विश्वास नाही आणि घडणीशिवाय कीर्द म्हणजे अरण्य, हे त्या फडातील प्रत्येकास ठाऊक असे. कामकाजाचे चालते दफ्तर फडणिसाच्या ताब्यात राही, तर सर्व खात्यांचे हिशेब येऊन त्यांचे तर्जुमे, खतावण्या आणि ताळेबंद जेथे होत ते एकबेरीज दफ्तर पुण्यातच राही. स्वारीबरोबर फिरणाऱ्या कागदांना लढाईची आणि पावसाची जी भीती होती तिच्यापासून राज्याची स्मृती वाचविण्याची ही तजवीज होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

या दफ्तराचे मूर्त रूप म्हणजे रुमाल. जाड्याभरड्या कापडाचा चौकोनी तुकडा पसरावा, त्याच्या मध्यभागी पुडकी रचावी, समोरासमोरची दोन टोके एकमेकांवर ओढून गाठ मारावी, उरलेली दोन टोके त्यावर आडवी आणून दुसरी गाठ मारावी, आणि गाठीत चिठ्ठी अडकवावी: इतकेच ते साधन. पेटीत कागद कोंडून राहतो, सर्द होतो आणि वाळवीस आयता सापडतो; कापडातून वारा खेळतो, गाठ सोडली की चारही बाजूंनी हात घालता येतो, आणि आग लागली तर गठ्ठा उचलून धावता येते. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात, जेथे भिंतीही घाम गाळतात, तेथे ही सोय केवढी मोठी होती याची कल्पना त्या हवेत राहिलेल्यासच येईल. एखाद्या कागदाचा हवाला देताना संशोधक आजही आधी दफ्तराचा विभाग, मग रुमालाचा क्रमांक, मग पुडक्याचा आणि शेवटी कागदाचा सांगतात. मजकूर रचण्याच्या संगणकप्रणालींत पडद्याच्या डाव्या अंगाला फोल्डरांची जी उतरंड दिसते आणि फायलीचा जो मार्ग लिहिला जातो, तो याहून निराळा नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत या दफ्तराची घडी विस्कटली. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारच्या हाती जो ढीग आला तो त्यांनी नष्ट केला नाही, याचे श्रेय एल्फिन्स्टनसारख्या अधिकाऱ्यांना द्यावयास हवे. मात्र तो त्यांनी जपला तो इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, जमीनमहसूल ठरविण्यासाठी जुने हिशेब लागत होते म्हणून. पुढे १८४० साली, आंग्र्यांचा वंश खुंटल्याच्या सबबीखाली, कुलाबा संस्थान खालसा झाले आणि त्या घराण्याचे कागदही सरकारजमा झाले; पुण्याच्या दफ्तरात आज ‘आंग्रे दफ्तर’ या नावाचा जो विभाग आहे तो त्या राज्याचा कागदी अवशेष होय. कोकणच्या या पट्टीतील माणसे, गावे आणि गलबते त्यातील मोडी ओळींत गुंतलेली आहेत. शां. वि. आवळसकरांच्या ‘आंग्रेकालीन अष्टागर’ या ग्रंथाने असे कागद वाचणाऱ्यास काय मिळू शकते याचा एक नमुना आपल्यापुढे ठेवला आहे.

खरी उलथापालथ इनाम कमिशनने केली. १८४३ पासून सुरू झालेल्या आणि १८५२च्या कायद्याने बळकट झालेल्या या चौकशीचा हेतू एकच होता: कोणाचे इनाम खरे, कोणाचे खोटे, आणि कोणाची जमीन सरकारसारा भरण्यास पात्र. या हेतूने देशमुख-देशपांड्यांच्या, जुन्या कारभाऱ्यांच्या आणि वतनदारांच्या घरांतील कागद मागविले गेले, कोठे कोठे जप्तही झाले. अशा गोळा केलेल्या कागदांच्या विभागास ‘जमाव’ असे नाव पडले ते आजतागायत चालू आहे. कमिशनच्या कारकुनांनी जी वर्गवारी केली ती त्यांच्या प्रश्नाला साजेशी होती. ज्या पुडक्यात बापाने जमिनीची सनद, मुलीच्या लग्नाच्या खर्चाची यादी आणि तीर्थयात्रेची पत्रे एका गाठीत बांधून ठेवली होती, त्यातील सनद महत्त्वाची ठरली आणि बाकीचे किरकोळ ठरले. एकदा असे वेगळे झालेले कागद पुन्हा एकमेकांच्या शेजारी येत नाहीत, आणि ते एका घरातील एका माणसाच्या जीवनाचे होते ही गोष्ट त्यांच्यातील कोणत्याच कागदावर लिहिलेली नसते. कमिशनने अक्षरे बदलली नाहीत. तरीही मूळ दफ्तर वाचण्याची एक वाट त्याने कायमची बुजविली, आणि या नुकसानीची भरपाई कोणत्याही विद्वत्तेने होण्यासारखी नाही. ज्यांनी भीतीने कागद विहिरीत टाकले किंवा भिंतीत चिणले त्यांचा दोष याच चौकशीच्या खाती जमा करावयास हवा.

पेशवे दफ्तर जेथे ठेवलेले आहे त्या, एलिएनेशन ऑफिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या कचेरीत बसून पुढे दोन पिढ्यांनी दोन भिन्न रीतींनी संपादन केले. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दींतून निवडक उतारे काढले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी छापून निघाले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांस लिहिलेली प्रस्तावना त्या उताऱ्यांहून अधिक वाचली गेली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे काम याहून प्रचंड. २७ हजारांवर मोडी रुमालांचा चाळणीतून शोध घेऊन त्यांनी १९३० ते १९३४ या अवघ्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. त्यांत एकंदर ८६५० कागद आहेत, पैकी ७८०१ मराठी, १२९ फारसी आणि ७२० इंग्रजी. उदगीर, पानिपत, जंजिऱ्याची मोहीम असे एकेक प्रकरण धरून त्यांनी कागद एकत्र आणले, आणि त्यामुळे मराठ्यांचा इतिहास सामान्य अभ्यासकाच्या हाती आला हे कबूल केले पाहिजे. पण राजकारण आणि लढाया यांच्याकडेच दृष्टी असलेल्या या निवडीत कोकणातील एखाद्या कुळाची फिर्याद किंवा खारबंधाऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च कोठून येणार? तो रुमालातच राहिला. निवड करणाऱ्याने जे विषय ठरविले त्यांच्या बाहेरचे सर्व काही पुन्हा गाठीत गेले, आणि छापील ४५ खंड म्हणजेच पेशवे दफ्तर असे मानणारा एक वाचकवर्ग मात्र तयार झाला.

रोह्याच्या कचेरीकडे परतू. कुलाबा जिल्हा १८६९ साली वेगळा झाला, आणि १९८१ पासून तो रायगड म्हणवला जातो. १८७९च्या जमीनमहसूल कायद्याने आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या हक्कनोंदणीच्या कायद्याने गावच्या कागदांस ठरीव साचा मिळाला, आणि तेथून पुढे तलाठ्याचे दफ्तर म्हणजे क्रमांकित गावनमुन्यांचे दफ्तर झाले: नमुना ६ म्हणजे फेरफार, ७ म्हणजे अधिकार अभिलेख, ८-अ म्हणजे खातेउतारा, १२ म्हणजे पिकांची नोंद. सातबारा हे ज्यास आपण एकच कागद समजतो ते दोन भिन्न नमुन्यांचे जोडपत्र आहे. या पद्धतीतील मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट अगदी लहान आहे. खातेदार मयत झाला किंवा त्याने जमीन विकली तर सातबारावरील त्याचे नाव खोडले जात नाही. त्यास कंस केला जातो, नवे नाव खाली येते, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक पडतो. त्या क्रमांकाचे बोट धरून नमुना ६ मध्ये गेले की कोणी अर्ज दिला, कोणास नोटीस निघाली, हरकत आली की नाही आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद कधी प्रमाणित केली, हे सर्व मिळते. रोजकीर्द आणि घडणी यांचे नाते येथे नव्या नावाने पुन्हा उभे राहिलेले दिसते: फेरफार पत्रक काळाच्या क्रमाने चालते, सातबारा जमिनीच्या क्रमाने. खोती १९४९च्या कायद्याने गेली तेव्हा या भागातील कितीतरी कुळांची नावे याच रीतीने वर आली, आणि खोतांची नावे कंसात गेली तरी आजही वाचता येतात.

रोह्यात बालपण घालविलेले, येथील वकिलाच्या घरातले चिंतामणराव देशमुख पुढे मध्यप्रांतात सनदी अधिकारी म्हणून जमाबंदीचे काम करून, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. रोह्याच्या लेखणीच्या परंपरेतील हे अलीकडचे मोठे नाव.

कागद वाढले की त्यांतले काय टाकावे हा प्रश्न येतो, आणि तो साचवण्याच्या प्रश्नाहून कठीण असतो. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत त्याचे उत्तर अक्षरांनी दिलेले आहे: ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क’ १० वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा, आणि ‘ड’ एका वर्षात नष्ट करावयाचा. टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. चालू प्रकरणे, ज्यांचे उत्तर यावयाचे आहे अशी प्रकरणे, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाचे कागद आणि नष्ट करावयाचे ‘ड’ कागद, असे ते सहा गठ्ठे. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या शिस्तीचा जो प्रयोग केला त्याचे नाव कारकुनांच्या बोलण्यात अद्याप निघते. नियम उत्तम आहेत. पण पावतीवर ‘ड’ लिहावयाचे की ‘ब’ हे ठरविणारा कारकून शंभर वर्षांनंतरच्या इतिहासकारासाठी निर्णय देत असतो, आणि त्याला हे कोणी सांगितलेले नसते.

गेल्या काही वर्षांत हे सर्व संगणकावर आले. रोह्यातील सातबारे इतर तालुक्यांप्रमाणेच ई-फेरफार प्रणालीत भरले गेले, आणि भरताना झालेल्या चुका, म्हणजे नावातील काना-मात्रा, क्षेत्राचे आकडे, गळालेले वारस, काढण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झाले. तलाठी, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, संगणकाची प्रत मोठ्याने वाचीत आणि जमलेले खातेदार ती हस्तलिखिताशी ताडून पाहत. दुरुस्तीसाठी जी सोय करण्यात आली तिचे नाव ‘एडिट मोड्यूल’, आणि त्यातूनही राहिलेल्या चुकांसाठी ‘री-एडिट मोड्यूल’. हे दोन्ही शब्द आज चावडीवरच्या शेतकऱ्यांच्याही तोंडी आहेत. मूळ हस्तलिखिताशी न जुळणारा बदल करावयाचा तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा लेखी आदेश लागतो, आणि त्या आदेशाचाही फेरफार पडतो. ही अट ज्याने घातली त्याने जुन्या दफ्तराचा आत्मा ओळखला, असे मी म्हणेन. कार्यालयांतील व घरांतील इतर संगणकप्रणालींत मात्र फाईल या फोल्डरातून त्या फोल्डरात ओढताना कोणी आदेश मागत नाही, कोणी हरकत घेत नाही, आणि फाईल हलविल्यावर तिच्या जुन्या शेजाऱ्यांची खूणही राहत नाही. इनाम कमिशनला जे करावयास वर्षे लागली ते येथे एका दुपारी होते. वेग वाढला, सावधगिरी मात्र कमी झाली.

रोहा, अष्टमी, पेण, नागोठणे येथील जुन्या घरांच्या माळ्यांवर अद्याप मोडी कागदांचे रुमाल आहेत. ते ज्यांच्याकडे असतील त्यांस माझी विनंती आहे की गाठ सोडण्यापूर्वी गठ्ठा जसा आहे तसा त्याचे छायाचित्र घ्यावे, कागद ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने त्यांवर पेन्सिलीने नव्हे तर वेगळ्या चिठ्ठ्यांवर आकडे घालावे, आपल्या समजुतीने ‘महत्त्वाचे’ आणि ‘किरकोळ’ असे ढीग करू नयेत, आणि मोडी वाचणारा मिळेपर्यंत लग्नाच्या खर्चाची यादी सनदेच्या शेजारीच राहू द्यावी.